पासून आणि मुळे

६ फेब्रुवारी

मास्तरीणबाई,

आशीर्वाद. छडी बाजूला ठेव, पत्र शेवटपर्यंत वाच आणि मग माझं शुद्धलेखन काढायला बस.

पाय बरा आहे. शिडीवरून पडलो, कड्यावरून नाही, त्यामुळे तू उगाच धावत येऊ नकोस. प्लॅस्टर निघालं, पण दुकानात फार वेळ उभं राहवत नाही. स्टुलावर बसून काच कापतो. फ्रेमच्या पट्ट्या कापायचं मशीन बंदच आहे. शेजारचा टेलर म्हणाला, तेवढीच शांतता. मी म्हटलं, बाबा, त्या मशीनने माझे कान खाल्ले, माझ्याकडे शांतता घाऊक भावात मिळते.

आता कामाचं. सूनबाईचं पत्र आलंय. तिला इंग्रजीशिवाय काही येत नाही आणि मला फोनवर काही ऐकू येत नाही, म्हणून बिचारीने लिहिलं, मी डिक्शनरी घेऊन कसंबसं लावलं. मी पडल्याचं तिला कुणाकडून तरी कळलं. त्यांच्या घरात खाली एक खोली रिकामी आहे, जिना चढावा लागत नाही, खिडकीतून मागचं अंगण दिसतं. तिथे येऊन राहा म्हणते. जूनमध्ये बाळ होणार आहे. आणि पुढची ओळ तुझ्यासाठी: ज्या आत्याने माझ्या नवऱ्याला आईविना वाढवलं, तिच्या हातात मला बाळ द्यायचंय, त्यांनाही बोलवा. पत्र सोबत जोडलंय, तूच वाच.

चिरंजीवांची त्यावर सही नाही. त्याला माझ्या दुकानाची पायरी चढून वर्ष उलटलं.

मला जायचंय गं. एकट्यापुरतं अंडं उकडायचा कंटाळा आला. खाली उत्तर लिहिलंय, त्याचं इंग्रजी करून पाठव. मी माझ्या अक्षरात उतरवून तिला धाडीन, म्हणजे सासऱ्याने स्वतः लिहिलं असं वाटेल.

'प्रिय सूनबाई, तुझं पत्र पोचलं, आनंद झाला. तू आल्यापासून माझा मुलगा माझ्याकडे येत नाही. तरी तू मला बोलावतेस, हा तुझा मोठेपणा. खोली आवडेल. महिनाअखेरीस येतो. तुझा सासरा.'

जास्त नटवू नकोस.

दादा


११ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार. छडी कधीच मोडली, आता नुसती जीभ उरली आहे आणि रात्रशाळेच्या वर्गातली मंडळी तिलाही भीत नाहीत.

सूनबाईचं पत्र वाचून मी खुर्चीतच बसून राहिले. बाळ्याच्या बाळाला मी हातात घेणार! त्याच्या लग्नापासून मला त्याच्या चार ओळीसुद्धा आल्या नाहीत. मी मनाशी धरून बसले होते की गरज सरो, आत्या मरो. आज सगळं विसरले. जूनभर रजा हवी म्हणून अर्जही देऊन टाकला. मुख्याध्यापकांनी विचारलं, कारण? मी म्हटलं, आजी होणार आहे. त्यांनी आत्या-आजीचा हिशोब विचारला नाही.

तुझं इंग्रजी सोबत आहे. नटवलेलं नाही, पण एका शब्दाबद्दल सांगायलाच हवं, कारण सांगितल्याशिवाय मला जेवण जात नाही हे तुला माहीत आहे. इंग्रजीत कारण सांगणारे चार भाऊ आहेत. थोरला बिकॉज. तो सरळ बोट दाखवतो, हे असं झालं आणि ह्यामुळे झालं. ऐकणाऱ्याला कारण नवीन असेल तर त्यालाच पाठवायचं. मधले दोघे, सिन्स आणि अ‍ॅज, मवाळ. 'कारण तर तुम्हाला ठाऊकच आहे, पुढचं ऐका' अशा बेताने बोलतात. अ‍ॅजचा आणखी घोळ म्हणजे त्याचा अर्थ 'होत असताना' असाही होतो. धाकटा फॉर, तो ठेवणीतला कोट घालून पुस्तकातच बसतो, घरात कुणी त्याला हाक मारत नाही.

तू 'आल्यापासून' लिहिलंस, तिथे मी सिन्स घातलाय. त्याचा जोडधंदा असा की तो 'पासून'ही होतो. बिकॉज घातलं असतं तर फार अंगावर आलं असतं. 'सिन्स यू केम, माय सन डझ नॉट कम टू मी.' शब्दाला शब्द आहे. आता मन लावून उतरव, आणि डझच्या स्पेलिंगमधला ई विसरू नकोस.

तुझी
मास्तरीण


२ मार्च

मास्तरीणबाई,

काय लिहून दिलंस तू?

काल दुकानात एक बाई मुलीचं प्रमाणपत्र फ्रेम करायला आली होती. सोनेरी पट्टी की काळी, यावर आमचं चाललं होतं. तेवढ्यात बाळ्या आत आला. एका वर्षाने. मी उठायला गेलो, हातातली पट्टी पडली. त्याने माझं पत्र काउंटरवर ठेवलं, एका शब्दाखाली लाल रेघ मारलेली, आणि काहीतरी बोलला. माझं कानातलं यंत्र ड्रॉवरमध्ये होतं, हल्ली ते शिट्ट्या मारतं. मी नुसता हसत होतो. मुलगा आलाय, एवढंच मला कळत होतं.

त्या बाईलाच माझी दया आली असावी. ती माझ्या कानाशी येऊन ओरडून म्हणाली, "ते म्हणतायत, तुम्ही त्यांच्या बायकोला लिहिलंत की तिच्यामुळे मुलगा येत नाही!" बाहेर टेलरनेसुद्धा मान वर केली.

मग बाळ्याने ब्राऊन पेपरचा तुकडा ओढला आणि त्यावर लिहिलं. ते असं: 'ती म्हणते, बिकॉज लिहिलं असतं तर मी भांडले असते. सिन्स लिहिलंत, म्हणजे मलाही ते ठाऊक आहे आणि मान्य आहे असं धरून चाललात. तिने मला न विचारता तुम्हाला बोलावलं होतं. आता ती म्हणते, येऊ नका.' लिहिलं आणि गेला. बाई पैसे न ठरवताच प्रमाणपत्र ठेवून गेली.

मी 'पासून' लिहिलं होतं. पासून! त्यात कुणाचं नाव घेतलं मी? बारीक खिळ्यांना आम्ही चुका म्हणतो. माझ्या धंद्यात चुका डब्यात असतात, पोस्टाने जात नाहीत. मी त्याच्या मागे दारापर्यंत गेलो आणि ओरडून सांगितलं की इंग्रजी माझं नाही, आत्याचं आहे. त्याने ऐकलं. थांबला आणि मग गेला.

आता काय करायचं ते तू सांग.

दादा


६ मार्च

दादा,

कान धरून नमस्कार.

तुझं पत्र मी शिक्षकांच्या खोलीत उघडलं. शेजारी सगळे चहा पीत होते, मी पत्र घेऊन बाहेर व्हरांड्यात गेले. चूक माझी आहे. तुझ्या वाक्यात वेळ होती, मी कारणाचा वास येईल असा शब्द घातला. त्या मुलीने राहायला जागा दिली आणि आपण तिलाच दोष दिला असं तिला वाटलं. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

सूनबाईला मी कालच लिहिलं. सरळ सांगितलं की मूळ पत्र मराठीत होतं, त्यातल्या शब्दाचा अर्थ नुसता 'तेव्हापासून', त्यात आरोप नाही. दोन तोंडांचा शब्द मी चुकून निवडला. माझ्या भावाच्या मनात तसं काही नव्हतं, शिक्षा करायची तर मला करा, तो पडलेला माणूस आहे, त्याला एकट्याला ठेवू नका.

तिने मला जूनमध्ये बोलावलं नाही तरी चालेल, असंही लिहून टाकलं. लिहिलं तेव्हा सोपं वाटलं. पाकीट पेटीत पडलं आणि मग परत काढावंसं वाटलं.

तू फक्त एक कर. तिचं बोलावणं परत आलं तर मान ताठ ठेवू नकोस. जा.

तुझी
बहीण


४ एप्रिल

बाई,

आशीर्वाद. पत्ता पाहिलास ना? मी इथे आलो.

तुझ्या पत्राने काम केलं. सूनबाई स्वतः गाडी घेऊन आली, टेलर आणि तिने मिळून माझी बॅग उचलली. खोली छान आहे. खिडकीखाली टेबल ठेवलंय, त्यावर मी छोट्या फ्रेमा जोडतो. बाथरूममध्ये धरायला दांडी बसवून घेतली तिने. सकाळी कामावर जाताना दारावर दोन टकटक करते. मला ऐकू येत नाही हे तिला माहीत आहे, पण दार हलतं ते दिसतं. बाळ्या अजून मोजकं बोलतो, पण संध्याकाळी शेजारी बसतो. कालच्या वर्तमानपत्रातलं त्याने मला एक चित्र दाखवलं. बरं वाटलं.

तुझ्याबद्दल सांगायचं राहिलं. सांगायचं टाळतोय असं नाही. सूनबाई तुझ्यावर रागावली आहे. म्हणते, साध्या माणसाची चूक समजू शकते, पण त्या शिक्षिका आहेत. बाळ्या तिला काही बोलत नाही. जूनला तिने तिच्या मैत्रिणीला बोलावलंय. मैत्रीण नर्स आहे, म्हणजे तशी सोयच.

जेवताना तुझा विषय निघाला की माझं यंत्र शिट्ट्या मारायला लागतं. मग मी ते काढून ठेवतो.

उन्हाळा इथे बरा आहे. तू रजेचा अर्ज मागे घेतलास का? घेऊ नकोस इतक्यात. बघू.

दादा


१२ एप्रिल

दादा,

तू सुखरूप आहेस, मुलाजवळ आहेस. त्याचा मला आनंद आहे, हे आधी लिहिते म्हणजे पुढचं वाचून तू विसरणार नाहीस.

अर्ज मागे घेतला. मुख्याध्यापकांनी या वेळी कारण विचारलं नाही.

काल वर्गात तोच धडा निघाला. मी टाळणार होते, पण पुस्तकात पान आलं तर करणार काय? रुग्णालयात काम करणारी एक बाई आहे, फार चौकस. तिने विचारलं, "मॅडम, सिन्सचे दोन अर्थ असतील तर वाचणाऱ्याने कुठला धरायचा?" मी रोजच्यासारखं सांगून गेले: क्रियापदाकडे बघ. 'सिन्स यू केम, ही हॅज नॉट कम' असलं तर वेळ. तेव्हापासून आजवर आला नाही. पण 'ही डझ नॉट कम' असलं तर वेळ संपली. मग ते कारणच. तू आलीस म्हणून तो येत नाही.

बोलता बोलता खडू थांबला. मराठी माणूस ही चूक करतोच, कारण आपण 'आल्यापासून येत नाही' म्हणतो. वर्गातल्या वह्यांत ही चूक मी रोज लाल करते. झोपेतही करीन. तुझ्या पत्रात मीच ती लिहिली आणि वर तुला ऐकवलं, शब्दाला शब्द आहे म्हणून.

हात चुकला नव्हता, दादा. 'हॅज नॉट' मी आधी लिहिलं होतं. वाचून पाहिलं, फार गुळगुळीत वाटलं. त्या पोरीला काहीच लागणार नाही असं वाटलं. आणि मला वाटत होतं की थोडंसं लागावं. माझा बाळ्या लग्नानंतर मला लिहायचा थांबला, तेव्हापासून मी तिच्यावर मनात राग धरून होते. तिने मला बोलावलं, मी आनंदाने रडले, आणि त्याच दिवशी तिला टोचलं. हे दोन्ही मीच केलं. तिला लिहिलेल्या माफीत मी 'चुकून' असा शब्द वापरलाय. तो खोटा आहे.

आता तू सांग. तुझ्या 'पासून'मध्ये मला 'मुळे' ऐकू आलं होतं, म्हणून माझी हिंमत झाली. मला भास झाला का? खरं सांग. खोटं सांगायचं असेल तर उत्तरच पाठवू नकोस.

बहीण


२० एप्रिल

छोटे,

तुला भास झाला नाही.

मला 'तुझ्यामुळे' असंच म्हणायचं होतं. पण तिने खोली देऊ केलेली, आणि जिथे राहायचं तिथेच दगड मारायचा नसतो एवढं मला कळतं. म्हणून 'पासून' लिहिलं. म्हटलं, लागलं तर लागलं, नाही तर नाही. कुणी विचारलं तर हात वर. आणि बाळ्याने विचारलं तेव्हा मी खरोखरच हात वर केले आणि तुझं नाव सांगितलं. तू सगळं अंगावर घेतलंस तेही मी घेऊ दिलं. तिने बसवलेली दांडी धरून मी रोज उठतो आणि रोज मनाशी म्हणतो, आज सांगू.

पण ह्याहून वाईट आहे ते ऐक. 'मुळे' खोटं आहे. 'पासून' मात्र खरं आहे.

बाळ्या तिला पहिल्यांदा दुकानात घेऊन आला तो दिवस. तिचं आधी एक लग्न झालं होतं, हे त्याने आदल्या आठवड्यात सांगितलं होतं आणि मी गप्प राहिलो होतो. तिने माझ्यासाठी भेट आणली. बाळ्याचा लहानपणीचा फोटो, मोठ्या दुकानातून घेतलेल्या तयार फ्रेममध्ये. फ्रेमवाल्याला फ्रेम! तिला काय माहीत. फोटो फ्रेमपेक्षा लहान होता, कडेने पुठ्ठा दिसत होता. मी ती हातात घेतली, तिच्याकडे पाहून हसलो आणि बाळ्याला आपल्या भाषेत म्हणालो, "दुसऱ्याच्या मापाची फ्रेम आहे. ठोकून ठोकून बसवावी लागेल तुला."

फ्रेमबद्दल नव्हतं ते. त्याला कळलं. त्याचा चेहरा उतरला. आणि ती हसली गं. मी हसतोय, म्हणजे भेट आवडली असं तिला वाटलं. ती मनापासून हसली आणि मला तिच्या भाषेत थँक यू म्हणाली.

बाळ्या नंतर एकटा आला होता. म्हणाला, मी तिला अर्थ सांगितलेला नाही, तुम्ही तिची माफी मागा, मग येतो. मी म्हटलं, बापाने सुनेची माफी मागायची? तो गेला. एवढंच झालं. त्यात तिने काय केलं? ती फक्त आली होती. तरी वर्षभर मी टेलरला, गिऱ्हाइकांना, स्वतःला सांगत राहिलो की सून आली आणि पोरगा तुटला.

मला आता तिला सांगायचंय. तू इंग्रजी करून दे. सगळं लिही, तुझी चूक नव्हती हेही लिही. मी माझ्या अक्षरात उतरवतो.

दादा


२५ एप्रिल

दादा,

नाही.

या वेळी इंग्रजी मी करून देणार नाही. मी छान लिहीन, तेच तर वाईट. कुठला शब्द कुठे ठेवला की तुझं पाप कमी दिसेल, ते माझा हात आपोआप शोधील. आपण दोघांनी मिळून एकदा हे केलं आहे.

थोरल्याला घे, बिकॉजला. बाकीच्यांच्या वाटेला जाऊ नकोस. त्याच्यामागे काय येतं ते तुझं तू लिही. व्याकरण चुकलं तर चुकू दे, तिला कळेल. तिच्यासमोर बसून दे, पोस्टाने नको आणि दाराखालून सरकवूनही नको.

आणि 'तुझी चूक नव्हती' असं माझ्याबद्दल लिहू नकोस. होती.

हे सांगितल्यावर ती तुला घराबाहेर काढील, ही भीती मलाही वाटते. माझ्या दोन खोल्या आहेत आणि पलंगही आहे. जिना मात्र आहे.

बहीण


९ मे

छोटे,

सांगितलं.

शनिवारी दुपारी ती स्वयंपाकघरात बाळाचे नवे कपडे धुऊन घड्या घालत होती. बाळ्या तिथेच काहीतरी चिरत होता. मी कागद तिच्यासमोर ठेवला. आठवडाभर डिक्शनरी घेऊन बसलो होतो. चार ओळी झाल्या. 'ही स्टॉप्ड कमिंग बिकॉज आय वॉज बॅड टू यू. नॉट बिकॉज यू केम. आय रोट बॅड वर्ड टु हाइड. आय पुट ब्लेम ऑन माय सिस्टर.' डिक्शनरीत याहून चांगले शब्द होते. ते घेतले नाहीत.

तिने दोनदा वाचलं. मग हळू आणि मोठ्याने, माझ्याकडे तोंड करून विचारलं, त्या दिवशी तुम्ही काय म्हणाला होतात? बाळ्याने सुरी खाली ठेवली. म्हणाला, "बाबा, नका. मी सांगतो." मी म्हटलं, "तू वर्षभर गिळलंस, आता मला ओकू दे."

सांगितलं तिला. फ्रेम, दुसऱ्याचं माप, सगळं आलं मोडक्या इंग्रजीत. ठोकणे या शब्दाला इंग्रजी आठवेना. मग मी मूठ टेबलावर आपटून दाखवली. दोनदा. कपड्यांची घडी हलली.

ती म्हणाली, "आय लाफ्ड."

एवढंच. रडली नाही, ओरडली नाही. 'मी हसले होते.' ते मला स्पष्ट ऐकू आलं. छोटे, आपल्या आईबापांनी मला कधी मारलं नाही, पण मार खाल्ल्यावर कसं वाटत असेल ते मला तेव्हा कळलं. ती उठून अंगणात गेली आणि बाळ्या तिच्यामागे गेला. मी खोलीत येऊन बॅग भरायला घेतली. तुझा जिना चढता येईल का, याचा विचार करत होतो.

तासाभराने दोघं दारात आली. तिने बॅगेकडे पाहिलं आणि डोकं हलवलं. ती बाळ्याशी बराच वेळ बोलली आणि तो मला सांगत गेला. त्याच्या तोंडून आलेलं जसंच्या तसं लिहितो.

म्हणते, जाऊ नका, बॅग भरली की तुमचं काम संपतं आणि माझं तसंच राहतं. म्हणते, माफ केलं असं मी आज म्हणणार नाही, म्हणायचं तेव्हा म्हणीन. बाळ्यावरही ती चिडली आहे, वर्षभर तिच्यापासून लपवलं म्हणून. आपण तिघांनी मिळून तिला तिच्याच गोष्टीतून बाहेर ठेवलं, असं म्हणाली.

तुझं 'डझ नॉट' मी सांगितलेलं नाही. ते तुझं तू सांग.

मग तिने पोटावर हात ठेवला आणि शेवटचं बोलली. ते सांगताना बाळ्या माझ्याकडे बघत नव्हता. म्हणाली, तुम्ही हसता आणि काय बोलता ते मला कळत नाही. बाळालाही तुम्ही हसत हसत काय सांगाल ते मला कळणार नाही. म्हणून या घरात तुम्ही बाळाशी तुमच्या भाषेत एकट्याने बोलायचं नाही. शेजारी बसून प्रत्येक शब्दाचा अर्थ मला सांगणारं कुणीतरी असेल तेव्हाच बोलायचं. माझ्या नवऱ्यावर आता माझा विश्वास नाही, तो गोड करून सांगतो. तुमच्या बहिणीला बोलवा. त्यांनी एकदा चूक केली आहे, आता अर्थ जपून सांगतील.

मी मान डोलावली. दुसरं काय करणार? इंग्रजीत मला आकडे येतात आणि गिऱ्हाइकाला 'टुमारो' म्हणता येतं. त्यात बाळाला कसं झोपवतात ते मला माहीत नाही.

अर्ज पुन्हा टाक. कारण विचारलं तर खरं सांग. तू आल्याशिवाय मला माझ्या नातवंडाशी बोलता येणार नाही.

दादा